अल्फा ०.९४ आला, म्हणजे विद्यार्थी-सहभागाचं सर्वेक्षण विश्वसनीय ठरलं का?

आयक्यूएसी_टेबल

संलग्न महाविद्यालय, कला-वाणिज्य-विज्ञान, पदवीचे ११४० विद्यार्थी. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचं विद्यार्थी समाधान सर्वेक्षण वेगळं होतंच. त्याशिवाय मुलं अभ्यासात प्रत्यक्ष किती गुंततात हे पाहायला २० विधानांची प्रश्नावली गूगल फॉर्मवर घेतली. साधारण निम्मी विधानं अमेरिकेतल्या एनएसएसई या विद्यार्थी-सहभागाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या धर्तीवर, उरलेली नॅकच्या नमुन्यावरून. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी पाच पर्यायांची श्रेणी, सगळं एकाच ग्रिडमध्ये. लिंक वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. दुबार उत्तरं नकोत म्हणून ईमेल नोंदणी चालू ठेवली होती.

प्रतिसाद ४१२: प्रथम वर्ष ४८० पैकी ११०, द्वितीय ३५० पैकी १३२, तृतीय ३१० पैकी १७०. क्रॉनबॅक अल्फा (विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचा आकडा) ०.९४, एकूण सरासरी ४.२१, प्रमाण विचलन (उत्तरांचा पसारा) ०.७ च्या आसपास.

अहवालात विभागवार क्रमवारी द्यायची आहे. भूगोल ४.४ (१८ प्रतिसाद) सर्वांत वर, वाणिज्य ४.१ (१३० प्रतिसाद) खाली. विचारायचं आहे ते असं: अल्फा इतका चांगला असताना विश्वसनीयता सिद्ध झाली असं लिहिता येईल का? ३६ टक्के प्रतिसाद पुरेसा आहे का? आणि ही क्रमवारी टिकेल का?

---

मोजपट्टी

अल्फापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक अहवाल तिथेच थांबतात.

अल्फा दोन गोष्टींवर वाढतो: विधानांची संख्या आणि विधानांमधला सरासरी सहसंबंध. प्रमाणित अल्फाचं सूत्र सोपं आहे. विधानांची संख्या गुणिले सरासरी सहसंबंध, भागिले (१ + (संख्या वजा १) गुणिले सरासरी सहसंबंध). सरासरी सहसंबंध फक्त ०.३ धरला तरी २० विधानांवर अल्फा ०.९० येतो, तोच सहसंबंध ५ विधानांवर ०.६८ देतो. म्हणजे प्रश्नावली लांबवली की अल्फा आपोआप चढतो. तुमचा ०.९४ म्हणजे सरासरी सहसंबंध ०.४४ च्या आसपास. 'वर्गात प्रश्न विचारतो' आणि 'शिक्षक उदाहरणं देऊन शिकवतात' ही दोन विधानं एकमेकांशी इतकी जुळायचं खरं तर काही कारण नाही. जुळत असतील तर मुलांनी विधानं वेगवेगळी वाचलीच नाहीत, अशी शंका घ्यायला जागा आहे.

याला सरळ रेघ ओढणं म्हणा. मुलगा पहिल्या ओळीत 'सहमत' निवडतो आणि अंगठा तसाच खाली नेतो. एकाने सगळीकडे ५ दिले, दुसऱ्याने सगळीकडे ३ दिले की सर्व विधानं एकत्र वरखाली होतात आणि अल्फा फुगतो. निष्काळजी उत्तरांनी विश्वसनीयतेचा आकडा सुधारतो, ही यातली गंमत.

तपासायचं असं. एक्सेलमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या २० उत्तरांचं प्रमाण विचलन काढा. ते ० असेल तर ती सरळ रेघ. शेजारच्या रकान्यात सलग एकच उत्तर जास्तीत जास्त किती वेळा आलं ते मोजा. २० पैकी १२-१५ सलग असतील तर खूण करा. मग अल्फा दोनदा काढा, सगळ्यांसह आणि खूण केलेल्यांना वगळून. दोन्ही आकडे अहवालात द्या. सरळ रेघवाले सगळे खोटेच असं नाही, त्यामुळे एवढ्यावरून त्यांना कायमचं काढू नका. उत्तर द्यायला लागलेला वेळ मिळाला तर निर्णय सोपा होतो, पण गूगल फॉर्म फक्त सबमिट केल्याची वेळ नोंदवतो, सुरू केल्याची नाही. लाइमसर्व्हे या दुसऱ्या सर्वेक्षण-साधनात पानागणिक वेळ साठवता येतो. एका विधानाला सरासरी २ सेकंदांपेक्षा कमी, म्हणजे २० विधानं ४० सेकंदांच्या आत संपवणाऱ्याने ती वाचलेली नसतात.

पुढच्या वेळी मधेच एक तपासणी ओळ घाला: 'या ओळीत "असहमत" हा पर्याय निवडा.' एकच पुरे. उलट अर्थाची विधानं ('मी वर्गात कधीच बोलत नाही') घालायचा मोह टाळा. नकारार्थी विधानाला 'असहमत' म्हणायचं तर दुहेरी नकार होतो, चांगली मुलंही चुकतात आणि घटक-विश्लेषणात (एकत्र वरखाली होणारी विधानं गटांत मांडण्याच्या पद्धतीत) त्या उलट विधानांचा एक बनावट घटक तयार होतो.

आणखी एक. अल्फा म्हणजे एका बैठकीतली अंतर्गत सुसंगती. तोच विद्यार्थी दोन-तीन आठवड्यांनी तेच सांगेल का, हे तो दाखवत नाही. त्यासाठी ६०-८० जणांना तीच प्रश्नावली १५ ते २० दिवसांनी पुन्हा द्यावी लागेल. आधी दिली तर उत्तरं आठवतात, दोन-तीन महिन्यांनी दिली तर वागणंच बदललेलं असतं. दुसरी फेरी चाचणी परीक्षेच्या आठवड्यात, स्नेहसंमेलनाच्या किंवा एनएसएस शिबिराच्या दिवसांत येणार नाही असं पाहा, नाहीतर प्रश्नावलीची अस्थिरता आणि कॅलेंडरची अस्थिरता वेगळी करता येणार नाही.

---

नमुना_निवड

प्रतिसादाबद्दल. ११४० पैकी ४१२ यादृच्छिकपणे निवडलेले असते तर टक्केवारीतली चूक ९५ टक्के विश्वासपातळीवर ±३.९ अंकांच्या आत राहिली असती. हा आकडा अहवालात टाकायला छान दिसतो, पण तुम्ही नमुना निवडलेलाच नाही. लिंक सर्वांना गेली, ज्यांना वाटलं त्यांनी भरली. इथे अडचण नमुन्याच्या आकाराची नाही, न भरलेल्यांची आहे.

हिशेब करून पाहा. उत्तर दिलेल्या ३६ टक्क्यांपैकी ७० टक्के म्हणतात 'वर्गात प्रश्न विचारतो'. न दिलेल्या ६४ टक्क्यांत समजा खरं प्रमाण ४५ आहे. महाविद्यालयाचा खरा आकडा ५४ येतो. १६ अंकांची चूक, आणि ±३.९ तिचा मागमूसही लागू देत नाही. सहभागाच्या सर्वेक्षणात हा धोका इतर विषयांपेक्षा मोठा, कारण सर्वेक्षण भरणं हाच एक प्रकारचा सहभाग आहे. जो वर्गाचा ग्रुप म्यूट करून बसलाय, त्याला मोजायचं होतं आणि नेमका तोच गाळला गेला.

तुमच्या आकड्यांत ते दिसतंच आहे. प्रथम वर्षाचा प्रतिसाद २३ टक्के, द्वितीय ३८, तृतीय ५५. तृतीय वर्षापर्यंत टिकलेली मुलं मुळात जास्त गुंतलेली असतात, आणि तुमच्या सरासरीत त्यांचाच आवाज मोठा आहे. किमान वर्षानुसार भार द्या: पटातला वाटा भागिले प्रतिसादातला वाटा. प्रथम वर्ष १.५८, द्वितीय ०.९६, तृतीय ०.६६. भारित सरासरी ४.२१ पेक्षा किती सरकते ते पाहा. भाराने वर्षांचं प्रमाण दुरुस्त होतं. प्रथम वर्षातल्या न भरणाऱ्यांच्या जागी त्याच वर्षातल्या उत्साही मुलांची उत्तरं उभी राहतात, हे मात्र दुरुस्त होत नाही. आणि एखाद्या गटातून पाच-सहाच उत्तरं आली असतील तर त्यांना ४-५ चा भार देऊन काही साधत नाही, गट एकत्र करा.

अजून दोन तपासण्या फुकटात होतात. पहिल्या तीन दिवसांत आलेली उत्तरं आणि दुसऱ्या स्मरणपत्रानंतर आलेली उत्तरं वेगळी करून सरासरी काढा. उशिरा भरणारे न भरणाऱ्यांच्या जवळचे असतात असं धरलं, तर दोघांतली घसरण तुम्हाला दिशा दाखवते. दुसरी: ईमेल नोंदलेले आहेत म्हणून उत्तर देणाऱ्यांची यादी हातात आहे. कार्यालयाकडून त्यांचं आणि उरलेल्या ७२८ जणांचं मागच्या सत्राचं एसजीपीए (सत्रातल्या गुणांची सरासरी), लिंग, माध्यम, वसतिगृह की एसटीने ये-जा, एवढं गटाच्या सरासरीत घ्या. फरक मोठा असेल तर तो अहवालात कबूल करा.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर सगळे ८० टक्क्यांच्या मागे लागतील. एनएसएसईच्या डेटावर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की निमंत्रितांची यादी किमान ५०० ची असेल तर ५ ते १० टक्के प्रतिसादावरही संस्थेच्या पातळीचे अंदाज फारसे हलत नाहीत. मात्र अशा अभ्यासात तुलनेसाठी धरलेला 'पूर्ण' आकडा म्हणजेसुद्धा शेवटी उत्तर दिलेल्यांचाच आकडा. कधीच न भरणारा तिथेही अदृश्यच. तरीही मुद्दा खरा आहे: ३६ टक्के स्वेच्छेने मिळालेले बरे, हॉल तिकिटासाठी अडवून मिळवलेले ९५ टक्के नकोत.

---

वर्ग_खोली_१४

वरच्या दोघांशी सहमत, पण खरी गडबड प्रश्नावलीच्या पोटात आहे, आणि ती आकडेमोडीने निघणार नाही.

नॅकची विधानं सहभाग मोजतच नाहीत. २०१७ च्या सुधारित चौकटीतल्या २.७.१ या निकषाखालच्या सर्वेक्षणात २१ प्रश्न होते, २० पर्यायी आणि एक खुला. अभ्यासक्रम वर्गात किती शिकवून झाला, शिक्षक किती तयारीने येतात, किती टक्के शिक्षक प्रोजेक्टर वगैरे वापरतात. हे सगळं शिक्षकांबद्दल आहे. तिथला प्रतिसादाचा उंबरठाही फक्त गुणांकनासाठी पात्र ठरण्यापुरता: महाविद्यालयासाठी १० टक्के विद्यार्थी किंवा १००, यांपैकी जे कमी ते. एवढे आले म्हणून चित्र प्रातिनिधिक झालं असं त्यातून निघत नाही. समाधानी विद्यार्थी आणि गुंतलेला विद्यार्थी एकच नव्हेत. नोट्स सांगून देणाऱ्या, फारसा त्रास न देणाऱ्या वर्गावर मुलं खूश असू शकतात. दोन्ही प्रकारची विधानं मिसळून एक सरासरी काढली तर ४.२१ हा नेमका कशाचा आकडा आहे ते सांगता येत नाही. आधी हे दोन ढीग वेगळे करा आणि दोन अल्फा काढा.

एनएसएसई २००० पासून इंडियाना विद्यापीठातून चालतं, अमेरिका-कॅनडातल्या पदवीच्या पहिल्या आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी. २०१३ मध्ये त्यांनी जुने पाच निकष मोडून दहा निर्देशक केले: सहाध्यायींबरोबर अभ्यास, शिक्षकांशी संपर्क, अभ्यासाच्या पद्धती, संख्यात्मक विचार वगैरे. प्रत्येकाची गुणसंख्या ० ते ६० आणि वेगळी. दहांची मिळून एक सरासरी ते देत नाहीत. तुम्ही तिथलीच विधानं घेऊन श्रेणी बदलली आहे: ते 'किती वेळा' विचारतात, तुम्ही 'सहमत आहात का' विचारलंत. सहमती विचारली की होकाराकडे कल जातो, त्यात ईमेल नोंदलेला, म्हणजे कुणी काय भरलं ते कळणार, मग तर विचारायलाच नको. (शिवाय त्यांची विधानं वापरायला रीतसर परवानगी घ्यावी लागते, हे कागदावर करून ठेवा.)

अर्थात 'किती वेळा' हाही रामबाण नाही. स्टीफन पोर्टर यांनी २०११ मध्ये या सगळ्या पद्धतीवर कडक टीका केली. 'कधी कधी', 'बऱ्याचदा' अशा मोघम पर्यायांचा अर्थ प्रत्येक जण आपल्या मापाने लावतो, आणि वर्षभरातल्या रोजच्या वागण्याची मोजदाद कुणाच्या डोक्यात साठवलेली नसते. मुलं आठवत नाहीत, अंदाज बांधतात. प्रात्यक्षिकं असणाऱ्या विज्ञानाच्या मुलाला आठवड्यातून एकदा सरांशी बोलणं 'कधी कधी' वाटतं, १२० च्या वर्गात बसणाऱ्या वाणिज्यच्या मुलीला महिन्यातून एकदा बोलणं 'बऱ्याचदा'. विभागांची तुलना इथेच वाकडी होते.

म्हणून कालावधी आखडा आणि संख्या विचारा. उदाहरणार्थ: 'गेल्या ७ दिवसांत, तासिका आणि क्लास सोडून, स्वतः अभ्यासाला किती तास दिलेत?' पर्याय ०, १-५, ६-१०, ११-१५, १६-२०, २० पेक्षा जास्त. 'गेल्या ४ आठवड्यांत विषयातल्या शंकेसाठी शिक्षकांना वर्गाबाहेर किती वेळा भेटलात?' ०, १, २-३, ४ किंवा जास्त. 'विषयातल्या शंकेसाठी' हे शब्द गाळले तर शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही घ्यायला गेलेलेही त्यात मोजले जातात. एका वाक्यात एकच गोष्ट. 'अनुभवाधारित, सहभागात्मक व समस्या-निराकरण पद्धती वापरल्या जातात' यात तीन प्रश्न आहेत आणि उत्तर एकच.

छापण्याआधी ८-१० मुलांना समोर बसवून प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, 'उत्तर देताना मनात नेमकं काय मोजलंत?' मराठी आणि इंग्रजी माध्यमाची, प्रथम आणि तृतीय वर्षाची, दोन्हीकडची मुलं घ्या. तीन-चार विधानं तिथेच कोसळतात.

आणि ग्रिड मोडा. लहान फोनवर पाच रकान्यांची ग्रिड पडद्यात मावत नाही, उजवीकडचे पर्याय बाजूला सरकवल्याशिवाय दिसत नाहीत. 'पूर्ण सहमत' डावीकडे असेल तर तुमच्या ४.२१ मधला काही भाग पडद्याच्या रुंदीचा आहे. प्रत्येक प्रश्न स्वतंत्र, पर्याय उभे, एकूण १२-१५ प्रश्न.

---

आयक्यूएसी_टेबल

ग्रिडमध्ये 'पूर्ण सहमत' डावीकडेच होतं. दोन गोष्टी राहिल्या. ईमेल बंद केला तर एकाच मुलाने चार वेळा भरलं हे कसं कळणार? आणि विभागवार क्रमवारी सरळ रद्द करावी लागेल का? व्यवस्थापनाला ती हवीच आहे.

---

मोजपट्टी

क्रमवारी रद्द करा. कारण आकड्यात देतो, म्हणजे बैठकीत दाखवता येईल.

प्रमाण विचलन ०.७ धरलं तर भूगोलाच्या १८ जणांच्या सरासरीची ९५ टक्के मर्यादा ४.४ ± ०.३२, म्हणजे ४.०८ ते ४.७२. वाणिज्य ४.१ ± ०.१२. दोघांतल्या ०.३ फरकाची प्रमाण चूक ०.१८ च्या जवळ. फरक तिच्या पावणेदोन पटही नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. लहान विभाग यादीच्या अगदी वर किंवा अगदी खाली जाणं हा लहान संख्येचा गुण आहे. पुढच्या वर्षी तोच भूगोल तळाला दिसला तरी नवल नाही, आणि तेव्हा विभागप्रमुखाला खुलासा मागितला जाईल.

दुसरं, गटाच्या सरासरीची विश्वसनीयता वेगळी काढावी लागते. अल्फा ती देत नाही. एकूण फरकापैकी विभागांमुळे असलेला वाटा, म्हणजे आयसीसी, एक-मार्गी प्रसरण विश्लेषणातून निघतो. अशा सर्वेक्षणांत तो बहुधा लहानच असतो, कारण मुला-मुलांतला फरक विभागा-विभागांतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा. समजा ०.०५ आला. मग १८ प्रतिसादांवर विभागाच्या सरासरीची विश्वसनीयता ०.४९, ५० वर ०.७२, १०० वर ०.८४. ०.७० गाठायला ४५ जण लागतात. आयसीसी ०.०२ निघाला तर ११५ लागतील, आणि तेवढा पट तुमच्या निम्म्या विभागांत नसेल. गॅरी पाइक यांनी एनएसएसईच्या लहान मापांवर केलेल्या कामात विभागाच्या पातळीवर २५ ते ५० प्रतिसाद पुरेसे दिसले होते, पण ती विधानं विचारपूर्वक गटात बांधलेली होती. तुमचा आयसीसी तुमच्या डेटातून काढा, उसना घेऊ नका.

व्यवस्थापनाला काही दाखवायचंच असेल तर ४५ पेक्षा कमी प्रतिसादांचे विभाग विद्याशाखेत मिसळा, सरासरीऐवजी प्रश्नागणिक टक्केवारी द्या आणि आलेखातल्या प्रत्येक पट्टीवर ± चूक-मर्यादा काढा. फरक सांगताना प्रमाण विचलनाच्या पटीत सांगा. एनएसएसई स्वतः ०.१ लहान, ०.३ मध्यम, ०.५ मोठा असं धरतं, ०.०५ च्या फरकावर 'सुधारणा झाली' असं लिहू नका.

---

नमुना_निवड

दुबार उत्तरांसाठी चिठ्ठ्या. ११४० यादृच्छिक सहा-अक्षरी संकेत तयार करा (० आणि ओ, १ आणि आय अशा गोंधळाच्या जोड्या वगळून), वर्ष आणि शाखेनुसार वेगवेगळी पाकिटं करा, मुलांनी स्वतः एक चिठ्ठी उचलायची. कुणी कोणती उचलली याची नोंद करायची नाही. फॉर्मचा पहिला प्रश्न हा संकेत. यादीत नसलेला संकेत बाद, दोनदा आलेला असेल तर पहिलं उत्तर धरा. वर्ष आणि शाखा पाकिटावरूनच कळते, त्यामुळे तेवढे प्रश्नही वाचतात. १५-२० दिवसांनी पुनर्चाचणी घ्यायची तर तीच चिठ्ठी जपून ठेवायला सांगा. काही हरवतील, म्हणून ६० हवे असतील तर ९० जणांना सांगा.

वर्गशिक्षकांनी भरून घ्यायचं नाही. संगणक प्रयोगशाळेत रांगेत बसवून, मागे सर उभे, अशा वेळी आलेली सरासरी त्या सरांच्या उपस्थितीची असते. आणि १० पेक्षा कमी उत्तरं असलेला कोणताही उपगट अहवालात छापू नका. भूगोल, तृतीय वर्ष, मुली, इंग्रजी माध्यम असं चार चाळण्यांतून काढलं की एकच मुलगी उरते.

---

वर्ग_खोली_१४

एक पुरवणी, सप्रमाणतेबद्दल, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का याबद्दल. चिठ्ठ्या आल्या की वैयक्तिक नोंदींशी जोडणी संपते, पण वर्गाच्या पातळीवर पडताळा घेता येतो. ग्रंथालयाच्या सोल किंवा कोहा प्रणालीतून वर्गवार पुस्तक-देवघेव, मूडल ही ऑनलाइन अभ्यासाची प्रणाली वापरत असाल तर वर्गवार वेळेत आलेल्या स्वाध्यायांचं प्रमाण, बारकोडवरून वाचनकक्षातल्या नोंदी. ज्या वर्गांनी 'स्वतः अभ्यास' जास्त सांगितला, तिथे यातलं काहीतरी वर जाताना दिसलं पाहिजे. हजेरीपटाशी तुलना मात्र जपून करा. ७५ टक्क्यांच्या अटीमुळे सत्राअखेरीस मस्टर कसं 'पूर्ण' होतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि चुकीच्या मापाशी सहसंबंध आला नाही म्हणून प्रश्नावलीला दोष देण्यात अर्थ नाही.

यंदाच्या अहवालात ४.२१ ऐवजी दोन ढिगांचे दोन आकडे, भारित आणि अभारित, सरळ रेघवाल्यांसह आणि त्यांना वगळून, एवढा एक तक्ता द्या. नवीन प्रश्नावली गणपतीच्या सुट्ट्या संपून दोन आठवडे झाले की घ्या, म्हणजे 'गेल्या ७ दिवसांत' हे शब्द नेहमीच्या आठवड्याला लागू होतील. पुढच्या वर्षीही त्याच आठवड्यात, त्याच शब्दांत.